बोलणारा दगडू, ऐकणारा दया : ‘बलुतं’ची घडण

दया पवार यांचं ‘बलुतं’ पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या वाचकाला सुरुवातीलाच एक कोडं पडतं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव आहे दया पवार. आत मात्र कहाणी सांगतो तो दगडू मारुती पवार. दया पवार पुस्तकात आहे, पण ऐकणारा म्हणून. दोघं एकच, हे वाचकाला ठाऊक असतं. दगडू हे जन्मनाव आणि दया हे साहित्यातलं. मग आपल्याच आयुष्याची कहाणी सांगायला एका माणसाला दोन माणसं कशाला लागावीत? सरळ ‘मी’पासून सुरुवात करायला काय हरकत होती?

ही लेखकाची हौस आहे असं समजून आपण पुढे वाचत जातो. पण या दोन नावांतच पुस्तकाची किल्ली आहे. ती फिरवून पाहायची तर आधी अकोले तालुक्यातल्या खळ्यावर जावं लागेल आणि मग थेट अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांपर्यंत. तिथे जन्मलेल्या रिचर्ड राइट या कादंबरीकारापुढेही हाच प्रश्न उभा होता: ज्याच्या शब्दाला समाजात किंमत नाही, त्याने आपली कहाणी सांगितली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

धामणगाव, कावाखाना, संगमनेर

दया पवार यांचा जन्म 1935 सालचा. गाव धामणगाव, तालुका अकोले, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा, सह्याद्रीला टेकलेला भाग. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर याच तालुक्यात. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून निघून अकोले, संगमनेर करत पूर्वेला जाते. हे धरण 1926 साली पूर्ण झालं. पाटाचं पाणी खाली पोचलं, तिथे ऊस उभा राहिला आणि पुढे सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातही याच नदीकाठी झाली. पाण्याने जिल्ह्याचं नशीब पालटलं खरं, पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या वाट्याला आली ती मजुरीच. धरणावर राबणाऱ्या बाईच्या तोंडची एक कविता दया पवारांनी लिहिली. ती चळवळीत आजही गायली जाते.

लहानपणीचा काही काळ मुंबईत गेला. वडील गोदीत कामाला होते. बिऱ्हाड होतं कामाठीपुरा-नागपाड्याच्या बाजूला, कावाखान्यात. गावाकडून आलेली महार कुटुंबं तिथे आडोसे करून दाटीवाटीने राहत. पुरुष हमालीला किंवा गिरणीत जात, बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा गोळा करून विकत. वडिलांची नोकरी सुटली आणि कुटुंब गावी परतलं. वडिलांच्या मागे आईने मोलमजुरी करून मुलांना वाढवलं. हायस्कूलचं शिक्षण संगमनेरला बोर्डिंगात राहून झालं. मग पुन्हा मुंबई, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात छोटी नोकरी, पुढे रेल्वेत. 1974 साली ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला आणि कवी म्हणून त्यांचं नाव झालं. 1978 साली ग्रंथालीने ‘बलुतं’ प्रसिद्ध केलं.

म्हणजे पुस्तक लिहिताना दया पवार हे मुंबईतले नोकरदार, नाव झालेले कवी होते. जे सांगायचं होतं ते मात्र धामणगावच्या महारवाड्यातलं आणि कावाखान्यातलं. या दोन टोकांमधलं अंतर मनात ठेवूनच पुढे जायला हवं.

बलुतं म्हणजे कसला व्यवहार?

गावगाड्यात शेती करणारा तो कुणबी आणि त्याची कामं करून देणारे ते बलुतेदार. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार, गुरव, जोशी अशी यादी. संख्या बारा म्हणायची पद्धत असली तरी कोण बारांत आणि कोण बाहेर, हे गावागणिक बदले. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्रिंबक नारायण आत्रे यांनी ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे.

कामाचा मोबदला रोख नसे. सुगी झाली, खळ्यावर मळणी झाली, धान्याची रास पडली की बलुतेदार खळ्यावर जायचे. शेतकरी आपल्या हाताने पेंढ्या द्यायचा किंवा सुपाने धान्य घालायचा. त्या वाट्याचं नाव बलुतं. सगळ्यांचा वाटा सारखा नसे. बलुतेदारांच्या वरच्या-खालच्या ओळी असत. कोणत्या ओळीतला बलुतेदार, त्यावर तो ठरायचा.

वर वर पाहिलं तर हा देवघेवीचा साधा करार वाटतो. सुताराने नांगर दुरुस्त करायचा, शेतकऱ्याने धान्य द्यायचं. पण महाराच्या बाबतीत काम कोणतं, हेच कुठे ठरलेलं नव्हतं. वेशीवर राखण करणं, सरकारी सारा तालुक्याला पोचवणं, गावात अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे धावणं, हद्दीच्या भांडणात साक्ष देणं, मयताची बातमी घेऊन परगावी जाणं, मेलेलं जनावर ओढून नेणं, सणावाराला लाकडं फोडणं, दवंडी देणं. घरोघरी ही कामं पाळीपाळीने येत. येसकराची, म्हणजे वेशीच्या राखणदाराची, पाळी ज्या घराकडे, त्या घरातला माणूस दिवसभर गावाच्या हाकेला बांधलेला असायचा, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागून आणायची. ‘बलुतं’ या पुस्तकात ही कामं एकामागून एक येतात. वाचताना कळतं की या नोकरीला वेळापत्रक नव्हतं. दिवसाचे चोवीस तास हीच कामाची वेळ.

सुटका का होत नसे?

इथे एक साधा प्रश्न पडतो. एवढा तोट्याचा व्यवहार होता तर माणसं तो सोडून का देत नव्हती? कारण त्याला चार कड्या होत्या आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या.

पहिली कडी मापाची. काम मोजलं जात नसे, वाटा मात्र देणाऱ्याच्या हाताने मोजला जाई. किराणा दुकानात उधारीची वही दुकानदाराकडेच असावी, भाव त्यानेच लावावा, हिशेबही त्यानेच मिटवावा आणि गिऱ्हाइकाला दुसरं दुकान मात्र नसावं, तशी ही गत. तक्रार करायला जागाच उरत नाही.

दुसरी कडी पावसाची. पीक बुडालं तर वाटाही बुडाला. काम मात्र तेवढंच राही, दुष्काळात उलट वाढे.

तिसरी कडी जमिनीची. चाकरीच्या बदल्यात महारांना वतनी जमीन असे. तिला हाडकी-हाडोळा म्हणत. ती होती चाकरीला बांधलेली. चाकरी सोडली की जमिनीवर पाणी सोडायचं. पिढ्या वाढत गेल्या तसे जमिनीचे तुकडे होत गेले. एकेकाच्या वाट्याला काही हात रान उरलं, तरी तेवढ्यासाठी सगळं घर चाकरीत अडकून पडे.

चौथी कडी सर्वांत मजबूत, मनाची. या मिळकतीला ‘हक्क’ म्हणत. महारांना बावन्न हक्क असल्याची दंतकथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाई. दारात उभं राहून मागून घेतलेल्या भाकरीला हक्क म्हटलं की मागणाऱ्यालाही ती सोडवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं हेच ओळखलं. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. जमिनीवर पूर्ण सारा आकारा, ती जमीन महारांना मोकळेपणी कसू द्या आणि सरकारी कामाचा मोबदला रोख ठरवा, असा त्यांचा रोख होता. चाकरी आणि जमीन यांची गाठ सुटली की माणूस मोकळा होईल, हा त्यामागचा विचार. ते विधेयक तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. दया पवार तेव्हा तेवीस वर्षांचे होते. म्हणजे त्यांचं बालपण आणि शिक्षण ही व्यवस्था जिवंत असतानाच झालेलं.

मिसिसिपीतली उधारीची वही

रिचर्ड राइट यांचा जन्म 1908 सालचा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात नॅचेझ शहराजवळचा. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. मग वाट्याने शेती सुरू झाली. मालकाने जमीन, खोपटं, बियाणं आणि खेचर द्यायचं, कुळाने कापूस पिकवून निम्मा मालकाला द्यायचा. वर्षभराचं पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर. वर्षाअखेर हिशेब मालक करी आणि बहुतेक वेळा कुळाच्या नावावर कर्जच निघे. राइट यांचे वडील असेच वाटेकरी शेतकरी होते.

खळ्यावरचं सूप आणि मालकाची वही. दोन खंडांत, दोन निरनिराळ्या समाजांत. एकीकडे जात, दुसरीकडे वंश. दोन्हींत फरक पुष्कळ आहेत आणि ते पुसून टाकता कामा नयेत. पण मोजमाप एकाच बाजूच्या हातात ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच.

वडील कुटुंब सोडून गेले. आई आजारी पडली. राइट यांचं बालपण उपासमारीत, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे जाण्यात गेलं. तरुणपणी मेम्फिस शहरात नोकरी करताना त्यांना वाचनाची ओढ लागली, पण तिथल्या ग्रंथालयातून काळ्या माणसाला पुस्तकं मिळत नसत. तेव्हा त्यांनी एक वाट काढली. एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं आणि त्याच्या नावाने स्वतःच चिठ्ठी लिहिली, की या मुलाजवळ अमुक पुस्तकं द्यावीत. ग्रंथपालाला संशय येऊ नये म्हणून त्या चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख त्यांनी अपमानास्पद शब्दानेच केला. पुस्तक मिळवायचं तर स्वतःच्या हाताने स्वतःला हीन लेखायचं. त्या एका कागदावर राइट दोन माणसं झाले होते: चिठ्ठी लिहिणारा गोरा आणि चिठ्ठी घेऊन मुकाट उभा राहिलेला काळा पोरगा.

1927 साली ते शिकागोला गेले, पोस्टात नोकरी केली, लिहू लागले. 1940 साली ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी आली आणि काही आठवड्यांतच तिच्या दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या. शिकागोच्या काळ्या वस्तीतला बिगर थॉमस हा तरुण तिचा नायक. त्याच्या हातून खून होतो. त्याच्याविषयी राइट तृतीयपुरुषात, थोडं अंतर राखून लिहितात. 1945 साली ‘ब्लॅक बॉय’ हे आत्मकथन आलं. तिथे ‘मी’ आहे. त्याचा उत्तरार्ध, म्हणजे शिकागोतली वर्षं, त्यावेळी वगळला गेला. तो ‘अमेरिकन हंगर’ या नावाने 1977 साली, राइट यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, पुस्तकरूपाने आला. राइट 1946 साली पॅरिसला गेले आणि 1960 साली तिथेच वारले.

जामीन कोण राहणार?

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या आत्मकथनांना जुनी परंपरा आहे. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मकथन 1845 साली निघालं. ते त्यांनी स्वतः लिहिल्याचं मुखपृष्ठावरच छापलं होतं. तरीही आत विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या संपादकाची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स या गोऱ्या वकिलाचं पत्र होतं. दोघांचं सांगणं असं, की हा माणूस खरा आहे, हे सगळं त्याच्यावर गुदरलेलं आहे, विश्वास ठेवा. शंभर वर्षांनी राइट यांच्या पुस्तकांनाही डोरोथी कॅनफिल्ड फिशर या गोऱ्या लेखिकेने प्रास्ताविक लिहिलं.

हे लोक सद्भावनेने उभे राहिले, त्यांच्याविषयी आदरच वाटायला हवा. पण यामागची गरज पाहा. पीडिताची कहाणी मान्य व्हायला प्रतिष्ठित माणसाची सही लागते.

‘बलुतं’मध्ये ही सही कुणाची आहे? दया पवारांचीच. साहित्यात नाव झालेला, पांढरपेशा जगात उठबस असलेला कवी दया पवार पुढे होतो आणि वाचकाला दगडूची गाठ घालून देतो. महारवाड्यातल्या मुलाचा जामीन तो स्वतःच राहतो. बाहेरच्या कुणाला साक्षीला बोलवावं लागत नाही. पुस्तकातल्या दोन नावांचं हे मला सर्वांत मोठं कारण वाटतं.

दोन पवारांची आणखी तीन कामं

ही जोडी आणखी तीन कामं करते.

एक, ती आडोसा देते. आईचे कष्ट, वडिलांची दारू, वस्तीतलं उघडंनागडं जगणं, मोडलेलं पहिलं लग्न, मुंबईत जात लपवताना आलेली लाज. हे ‘मी’ म्हणून उच्चारताना जीभ अडखळते. दगडू बोलतो म्हटलं की लेखकाला वीतभर अंतर मिळतं आणि त्या अंतरामुळेच तो जवळचं सत्य सांगू शकतो. बिगर थॉमससाठी तृतीयपुरुष आणि ‘ब्लॅक बॉय’साठी ‘मी’, असं राइट यांनी दोन पुस्तकांत विभागून केलेलं काम दया पवारांनी एकाच पुस्तकात केलं.

दोन, ती वाचकाला बसायला जागा देते. 1978 सालच्या मराठी वाचकांत महारवाडा आतून पाहिलेले फार थोडे होते. ऐकणारा दया समोर असला की वाचकही त्याच्या शेजारी बसून ऐकतो. दगडू आपल्याच माणसाशी बोलतोय, त्यामुळे त्याला अवघडून बोलावं लागत नाही. महारवाड्यातली बोली, शिव्या, गाणी, चालीरीती यांसह तो मोकळा बोलतो.

तीन, ती ऐकणाऱ्यालाच प्रश्न विचारते. शिकलेला, नोकरीला लागलेला, नाव बदललेला दया आता कुणाचा? गावाने टाकलेला आणि शहराने पुरता न घेतलेला. दगडूच्या बोलण्यातून दयाच्या सुस्थितीवर बोट ठेवलं जातं. आपल्या समाजातली भांडणं, पोटजातीचा अभिमान, नेत्यांमधली फाटाफूट, स्वतःचा भित्रेपणा, काहीच झाकलेलं नाही. त्यामुळे पुस्तक रडगाणं होत नाही. अन्याय करणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब मांडताना लेखक स्वतःचाही हिशेब मांडतो आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन येतं.

हे एकट्याचं काम नव्हतं

महाराष्ट्राने अमेरिकेकडे पाहणं नवं नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी इथल्या दलित लेखकांना करून दिली. 1966 साली अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष निघाला. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. डॉ. आंबेडकरांनी दिलेलं भान, 1956 सालच्या धर्मांतराने आलेला ताठ कणा आणि जगभरच्या दडपलेल्या माणसांशी जुळलेलं नातं, या मातीत ‘बलुतं’ उगवलं.

पुस्तक आल्यावर खळबळ माजली. अनेकांनी ते डोक्यावर घेतलं. शिकलेल्या दलित वाचकांपैकी काहींना मात्र ते रुचलं नाही. झाकली मूठ कशाला उघडायची, असा त्यांचा सवाल होता. पण उघडलेल्या त्या मुठीतूनच पुढची वाट निघाली. 1979 साली प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, 1980 साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, 1984 साली शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, 1986 साली बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, 1987 साली लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, 2003 साली ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. यांतल्या बहुतेकांनी आपापल्या नावाने, थेट ‘मी’ म्हणून लिहिलं. त्यांना जामिनाची गरज उरली नव्हती. ती भीड दगडू आणि दया यांनी आधीच मोडून ठेवली होती.

‘बलुतं’ हिंदीत ‘अछूत’ या नावाने गेलं, 2015 साली जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेलं. दया पवार यांना 1990 साली पद्मश्री मिळाली. 1996 साली त्यांचं निधन झालं.

आज अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात शिकणाऱ्या मुलांच्या हाती हे पुस्तक लवकरात लवकर पडायला हवं. प्रवरेच्या पाण्याचा, धरणाचा, उसाचा, सहकाराचा इतिहास ती शिकतात. त्याच नदीकाठी धान्याची रास कोणत्या हाताने मोजली जात होती आणि ते मोजमाप कुणी सोसून जगासमोर मांडलं, हे कळल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही.

चौकट : थोडक्यात

• बलुतं म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. महाराच्या कामाला मोजमाप नव्हतं, वाटा मात्र देणाऱ्याच्या हातात होता.

• वतनी जमीन चाकरीला बांधलेली असल्यामुळे चाकरी सोडणं अवघड होतं. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी ही गाठ सोडवण्यासाठी विधेयक मांडलं. वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

• अमेरिकेत रिचर्ड राइट यांचं कुटुंब वाट्याच्या शेतीत अडकलं होतं. तिथेही हिशेबाची वही मालकाकडेच असे.

• अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या आत्मकथनांना अनेकदा गोऱ्या माणसाची प्रस्तावना लागे. ‘बलुतं’मध्ये दगडूची साक्ष दया पवार स्वतःच देतो.

• ही दोन नावं लेखकाला आडोसा देतात, वाचकाला जवळ बसवतात आणि शिकून पुढे गेलेल्या माणसालाही जाब विचारतात.